पिशवी बसली, पण जखम भरत नाही

ऑपरेशनला महिना उलटला. टाके निघाले, पोटावरची पिशवी बदलायला हात सरावले, घरची माणसंही सावरली. जखम मात्र ओलीच आहे. रोज पट्टी काढली की डाग दिसतो आणि भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "अजून भरली नाही?" मग कुणी डॉक्टरांना दोष देतं, कुणी नशिबाला, कुणी पेशंटने चोरून खाल्लेल्या भाताला. नाशिकच्या द्वारका, कथडा, वडाळा नाका, टाकळी रोड या भागातल्या ज्या घरांमध्ये सध्या असे दिवस चालू आहेत, त्यांच्यासाठी हा लेख. स्टोमा, म्हणजे पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड, झालेल्या माणसाची जखम सावकाश भरते, हे पुष्कळदा घडतं. ती भरण्यात वरून लावायच्या मलमाचा वाटा लहान असतो. ताटात काय पडतं, रक्तातली साखर किती आहे, तोंडात तंबाखू आहे का आणि पिशवी कुठून गळते, या चार गोष्टींवर बरंचसं ठरतं, आणि या चारही घरच्यांच्या हातातल्या आहेत.

आधी रखडलेली जखम नेमकी कोणती, ते ओळखा, कारण स्टोमाच्या पेशंटला जखमा एकापेक्षा जास्त असतात. एक पोटावरची मधली उभी चीर. दुसरी स्टोमाच्या भोवतीची गोल शिवण, जिथे आतड्याची कड कातडीला टाक्यांनी जोडलेली असते. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये गुदद्वारासकट भाग काढला असेल, तर तिसरी जखम बसायच्या जागी असते आणि सगळ्यात जास्त रखडते ती हीच. पुढे कधी स्टोमा बंद करून आतडं परत जोडलं, तर त्या जागी चौथी. ही जागा पुष्कळदा मुद्दाम थोडी उघडी ठेवतात, म्हणजे आतली घाण कोंडून राहत नाही, आणि ती काही आठवड्यांत तळापासून भरत वर येते. तिथे खड्डा दिसला म्हणून टाके उसवले असं समजू नका. डिस्चार्ज कार्डावर हे सगळं लिहिलेलं असतं. वाचता येत नसेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना बोट ठेवून विचारा, "ही जागा मुद्दाम उघडी ठेवली आहे की नंतर उघडली?" या एका प्रश्नाने निम्मी धास्ती कमी होते.

बसायच्या जागची जखम का रखडते? तिथे रक्तपुरवठा आधीच बेताचा असतो, ऑपरेशनपूर्वी रेडिएशन दिलेलं असेल तर तो आणखी कमी होतो, आत पोकळी उरलेली असते आणि माणूस दिवसभर नेमका त्याच भागावर बसतो. सहा महिन्यांनंतरही ती बंद झाली नसेल, तर डॉक्टर तिला न भरणारा मार्ग, म्हणजे सायनस, समजून वेगळा तपास करतात. तोवर तुम्ही एवढं सांभाळा. मधे भोक असलेली रबरी गोल उशी घेऊ नका. बाजारात ती मूळव्याधीसाठी म्हणून सर्रास मिळते, पण तिच्यावर बसलं की जखमेच्या दोन्ही कडा बाहेर ताणल्या जातात. जाड, मऊ, सपाट फोमची गादी घ्या. सलग बसणं पंधरा-वीस मिनिटांच्या पुढे नेऊ नका. झोपताना कुशीवर झोपा आणि कूस बदलत राहा. टबात कोमट पाण्यात बसायचं की नाही, हे ज्याने ऑपरेशन केलं त्यालाच विचारा. काही जखमांना त्याने आराम पडतो, काहींना ते चालत नाही.

आता पिशवीकडे येतो. पोटावरची जखम आणि स्टोमा यांच्यात कधी कधी चार बोटांचंही अंतर नसतं. पिशवीची कातडीला चिकटणारी चकती त्या बाजूने सुटली की पातळ शौच सरळ पट्टीखाली जातं. इलिऑस्टोमी, म्हणजे लहान आतड्याची पिशवी असेल तर जास्तच जपायला हवं, कारण त्या पाण्यात अन्न पचवणारे पाचकरस असतात आणि ते कातडीलाही सोडत नाहीत. अशी गळती चालू असताना महागातलं ड्रेसिंग केलं तरी फळ मिळत नाही.

म्हणून पिशवी बदलायची पद्धत नीट बसवून घ्या. वेळ सकाळची, चहाच्याही आधीची. रात्रभर पोट रिकामं असल्याने तेव्हा स्टोमा शांत असतो. जवळची जखम आधी झाकून घ्या. पिशवी वरच्या कडेपासून सोडवा, एका हाताने कातडी दाबत, दुसऱ्याने चकती अलगद खाली आणत. ओढून काढू नका. काढलेली चकती लगेच कचऱ्यात टाकायची नाही. ती उलटी करून उजेडात धरा. जिथे गोंद पांढरा पडून विरघळला आहे किंवा ज्या बाजूला तपकिरी ओघळ आत सरकला आहे, तीच तुमची गळण्याची जागा. दोन-तीन वेळा तीच बाजू दिसली तर तिथे पोटाला घडी किंवा खळगा असणार. आरशासमोर खुर्चीत बसून जरा पुढे वाकलात की तो दिसेल. आडवं झोपून पोट सपाट दिसतं आणि फसगत होते. त्या खळग्यात स्टोमा पेस्ट किंवा मऊ रिंग भरली की चकती सपाट बसते.

कातडी नुसत्या कोमट पाण्याने पुसा आणि टिपून कोरडी करा. साबण, खोबरेल तेल, अंगाला लावायची पावडर यांतलं काही नको, कारण त्यावर गोंद धरत नाही. पुसताना स्टोमातून दोन थेंब रक्त आलं तर घाबरू नका, ते आतड्याचं नाजूक अस्तर आहे. स्टोमाला वेदनेच्या नसा नसतात. त्यामुळे तिथे चकतीची कड घासत असली तरी दुखणार नाही, डोळ्यांनीच पाहावं लागतं. मग माप. ऑपरेशननंतरचे सहा ते आठ आठवडे स्टोमाची सूज उतरत असते, तो लहान होत जातो, आणि बरीच माणसं पहिल्याच मापाने भोक कापत राहतात. मोजपट्टीने दर आठवड्याला माप घ्या आणि भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं ठेवा. चकती लावली की तळहात तिच्यावर काही मिनिटं धरा, हाताच्या उबेने गोंद पसरतो. पिशवी एक-तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करा. तुडुंब भरली की तिच्याच वजनाने चकती सुटते.

स्टोमाच्या कडेची शिवण एका बाजूला उघडून खाच पडली असेल, तर बहुतेकांना वाटतं की आता यावर पिशवी लावायची नाही. उलट आहे. खाच सलाइनने धुवायची, तिच्यात डॉक्टरांनी किंवा स्टोमा नर्सने सांगितलेली पावडर किंवा द्रव शोषणारी पट्टी भरायची, वरून पेस्टने झाकायची आणि त्यावरच पिशवी लावायची. खाच तळापासून भरून येते. खोल असेल, किंवा शौच आत उतरतं असं वाटलं, तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

चकतीच्या गोंदाची एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकचे सर्जन रुपर्ट टर्नबुल यांनी स्टोमाभोवतीची सोललेली कातडी वाचवण्यासाठी जो डिंक वापरात आणला, तो कराया. आपल्याकडच्या कोरड्या डोंगरउतारांवर पांढुरक्या खोडाचा कांडोळ उभा असतो, त्याचाच हा डिंक. टर्नबुल यांच्या पेशंट नॉर्मा गिल यांना स्वतःला इलिऑस्टोमी होती. १९५८ पासून त्या तिथेच इतर पेशंटना शिकवू लागल्या आणि स्टोमा नर्सिंगचं शास्त्र त्यातून उभं राहिलं. मुंबईतली ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडियाही स्टोमा घेऊन जगणाऱ्यांना जोडते. ज्याने हे भोगलंय त्याच्याशी एकदा बोलणं झालं, तर जखमेच्या काळात फार बळ येतं. तुमच्या सर्जनना सांगून असा माणूस गाठाच.

ताटाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या घरांमध्ये सर्वाधिक नुकसान इथे होतं, तेही मायेपोटी. "भाताने पू धरतो, डाळीने जखम चिघळते, अंडं उष्ण, दही आंबट, बटाटा वातूळ" असं म्हणत एकेक पदार्थ वगळला जातो आणि पेशंटच्या वाट्याला उरते पेज, चहा-बिस्किट आणि साबुदाण्याची खीर. पू जंतूंमुळे होतो, भातामुळे नाही. नवं मांस धरायला लागतात प्रथिनं, आणि साबुदाण्यात ती जवळजवळ नसतातच. जखम भरण्याच्या काळात वजनाच्या दर किलोमागे रोज सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७५ ते ९० ग्रॅम. किडनीचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

हे घरच्या जेवणात बसतं. दोन अंडी म्हणजे बारा ग्रॅम. दोन पेले दूध म्हणजे तेरा. वाटीभर दही तीन-चार. दोन वेळचं घट्ट वरण चौदा. घट्टच हवं, वरचं पाणी नव्हे. चार पोळ्या किंवा भाकऱ्या बारा-तेरा. मूठभर शेंगदाण्याचा कूट सात. शंभर ग्रॅम चिकन किंवा मासे वीसच्या आसपास. बेरीज ऐंशीच्या पुढे गेली. मांसाहार करत नसाल तर अंडी आणि चिकनच्या जागी पनीर आणि सोयाबीनच्या वड्या आणा. पन्नास ग्रॅम कोरड्या वड्यांतच पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात. एका बैठकीत हे जात नाही, ऑपरेशननंतर भूक मेलेली असते. दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं द्या. सोबत लिंबू, आवळा, पेरू यांतलं काही रोज पोटात जाऊ द्या, क जीवनसत्त्वाशिवाय नवी ऊती घट्ट होत नाही. मात्र पेरूच्या बिया काढून द्या. हिमोग्लोबिन कमी असेल तर त्याचा उपचार वेगळा करून घ्या.

इलिऑस्टोमीच्या पेशंटला थोडी सावधगिरी हवी. पहिले सहा-आठ आठवडे अख्खे शेंगदाणे, मक्याचे दाणे, खोबऱ्याचे तुकडे, सालासकट मटकीची उसळ टाळा, स्टोमाच्या तोंडाशी अडकतात. कूट, डाळ, मऊ भात, सोललेली फळं चालतात. दूध प्यायल्यावर पिशवीत पाणी वाढलं तर दह्यावर या. पिशवी सारखी भरते म्हणून पाणी आणि जेवण तोडणारी माणसं मी पाहिली आहेत. असं अजिबात करू नका. शरीर सुकलं की जखमेला रक्त पोचत नाही. पिशवीत दिवसाला दीड लिटरपेक्षा जास्त पाणी येत असेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, पायात गोळे येत असतील, तर नुसतं पाणी पीत राहू नका, त्याने क्षार आणखी वाहून जातात. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, बहुधा एक लिटरमध्ये, ओआरएस कालवा, घोट घोट द्या आणि डॉक्टरांना फोन करा. चतुर्थी, एकादशी असो की रोजे, जखम भरेपर्यंत उपास नको. घरातल्या वडीलधाऱ्यांनी, देवळातल्या गुरुजींनी किंवा मशिदीतल्या मौलानांनी आपल्या तोंडाने तसं सांगितलं तर पेशंटच्या मनावरचं ओझं उतरतं. त्यांना तशी विनंती करा.

डायबेटिस असेल तर ग्लुकोमीटर घरी आणून नोंदी ठेवा. साखर वारंवार १८० च्या वर जात असेल तर जंतूंशी लढणाऱ्या पेशी मंद पडतात. गोळ्यांवर भागत नसेल आणि डॉक्टर काही महिने इन्सुलिन सुचवत असतील तर घ्या. "एकदा सुरू झालं की कायमचं" ही भीती इथे धरू नका. आणि साखर वाढते म्हणून जेवण कमी करायचं नाही, औषध वाढवायचं.

तंबाखूचं नाव काढलं की पुरुषांच्या विडी-सिगारेटकडे, गायछापकडे बोट जातं. आपल्याकडच्या कितीतरी आजी, मावश्या सकाळ-संध्याकाळ मशेरी लावतात आणि डॉक्टरांनी "तंबाखू खाता का?" विचारलं तर "नाही" म्हणतात, कारण मशेरीला त्या तंबाखू समजतच नाहीत. निकोटिन हिरडीतूनही रक्तात जातं आणि जखमेकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं. तपासणीच्या खोलीत सगळ्यांदेखत विचारू नका, लेकीने किंवा सुनेने घरी शांतपणे विचारावं, आणि सांगितलं तर रागावू नये.

जखमेवर काय लावू नये, हे स्पष्टच सांगायला हवं. हळद, चुना, राख, कापूर, घरातला मध, बाबाजींची भुकटी, काही नाही. नाशिककर मनापासून गंगेचं, म्हणजे गोदावरीचं, तीर्थ आणतात. ते देव्हाऱ्यात ठेवा, उघड्या जखमेवर शिंपडू नका, आणि जखम मिटेपर्यंत रामकुंडात स्नान पुढे ढकला. डेटॉल, सॅव्हलॉन, फेस येणारं हायड्रोजन पेरॉक्साइड हेही रोज वापरू नका, ते जंतूंबरोबर नव्याने धरलेल्या पेशीही मारतं. धुवायला साधं सलाइन पुरतं. बाटली उघडली की दुसऱ्या दिवशी उरलेलं टाकून द्या. जखम उघडी ठेवून "हवा लागू द्या" हा सल्लाही जुना झाला, किंचित ओलसर झाकलेली जखम लवकर भरते. अँटिबायोटिक मेडिकलमधून आपल्या मनाने आणायचं नाही.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, जखमेचा मोबाइलवर फोटो काढा. शेजारी शाळेची सेंटिमीटरची पट्टी धरा, उजेड तोच, अंतर तेच. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, दोन फोटो शेजारी ठेवले की कळतो. तळ लाल, दाणेदार, ओलसर दिसत असेल आणि कडा आत सरकत असतील तर जखम भरण्याच्या मार्गावर आहे, मग ती कितीही सावकाश असो. पिवळट चिकट थर म्हणजे मेलेली ऊती, ती काढायचं काम डॉक्टरांचं. चार आठवड्यांत मापात काहीच फरक नसेल, तर तेच ड्रेसिंग पुढे रेटू नका. आत राहिलेला टाक्याचा धागा, दबलेला पू, आतड्याशी जोडलेली वाट, क्षयरोग, क्रोन्ससारख्या आजारात होणारा दुखरा, जांभळ्या कडेचा व्रण, किंवा मूळ आजार परत येणं, यांचा शोध घ्यावा लागतो. स्टेरॉइड आणि कॅन्सरची काही औषधंही जखम रोखतात. केमोथेरपी थांबून राहिली असेल तर सर्जन आणि केमोच्या डॉक्टरांचं आपसात बोलणं होऊ द्या, निरोप्याचं काम तुमच्यावर घेऊ नका. खोल जखमेला काही वेळा व्हॅक मशीन लावतात. फोमवरून साधारण १२५ मिलिमीटर पाऱ्याइतका उणा दाब दिला जातो, पाणी ओढलं जातं आणि खड्डा लवकर भरतो. खर्चाचं आहे, सगळ्यांना लागत नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत किंवा आयुष्मानमध्ये काय बसतं, हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. योजनेचा टोल फ्री नंबर १५५३८८ आहे.

काही खुणांना थांबायचं नसतं. १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, जखमेभोवती पसरत जाणारी लाली, अचानक वाढलेला ठणका, दुर्गंधी, जखमेतून शौच किंवा पित्तासारखं पाणी, काळा-जांभळा पडलेला स्टोमा, उलट्यांसोबत पिशवीत काहीच न येणं: त्याच दिवशी हॉस्पिटल. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत पोटाच्या जखमेतून एकाएकी भरपूर गुलाबी पाणी आलं, तर आतले टाके सुटत असल्याची ती सूचना असू शकते. आतडं बाहेर दिसलं तर आत ढकलू नका. स्वच्छ कापड सलाइनमध्ये भिजवून झाका, पेशंटला गुडघे दुमडून आडवं ठेवा, तोंडाने काही देऊ नका, १०८ ला फोन करा. द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता एकत्र येतात, आणि संध्याकाळी तिथे गाडी किती वेळ अडकेल याचा नेम नसतो. रिक्षा शोधत बसू नका, आणि फोनवर घराजवळची ठळक खूण सांगा.

डॉक्टरांकडच्या एरवीच्या फेऱ्यांनाही ही कोंडी लक्षात ठेवा. मालेगाव, सिन्नरकडून येणारे पेशंट द्वारकेला उतरून पुढे शेअर रिक्षात कोंबून बसतात. बसायच्या जागची जखम असेल तर असं येऊ नका, मागच्या सीटवर कुशीवर टेकता येईल अशी गाडी करा आणि दुपारची वेळ घ्या. रोजच्या साध्या ड्रेसिंगसाठी एवढं लांब यायची गरजही नसते. गावचं प्राथमिक आरोग्य केंद्र, शहरात कथड्याचं महापालिकेचं डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालय इथे कागद दाखवून विचारा. पहिले सहा-आठ आठवडे दुचाकी चालवणं बंद, आणि भरलेली कळशी, गॅस सिलिंडर, धाकटं नातवंड उचलणंही बंद. भरलेलं सिलिंडर तीस किलोच्या घरात जातं. स्टोमाशेजारी हर्निया व्हायला तेवढं पुरतं. खोकला किंवा शिंक आली तर स्टोमा आणि जखम यांवर उशी दाबून धरा. खोकला हटत नसेल तर त्याचाही इलाज करून घ्या, कारण प्रत्येक ठसक्याला पोटातले टाके ताणले जातात.

डॉक्टरांकडे जाताना नुसती फाइल नेऊ नका. आठवड्याचे फोटो, साखरेच्या नोंदी, चालू गोळ्यांची पाकिटं, एक जादा पिशवी आणि शेवटची काढलेली चकती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घेऊन जा. चकती दाखवायला लाजू नका. ती उलटी करून पाहिली की डॉक्टरांना किंवा नर्सला गळतीची जागा लगेच कळते आणि पुढची पिशवी कोणती घ्यायची, हे तिथल्या तिथे ठरतं.